पदक माणसाला, कुलूप जागेला

आपल्याकडे मिरवणुकीत 'डीजे लावतात'. 'डीजे आला' असं कुणी म्हणत नाही, कारण तो शब्द माणसासाठी उरलेलाच नाही. ट्रकवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीचं ते नाव झालंय. पुण्यात मी राहतो त्या रस्त्यावर विसर्जनाच्या रात्री खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि शेजारच्या आजी कानात कापसाचे बोळे घालून बसतात. त्यामुळे या शब्दाबद्दलची चीड मला समजते, ती माझीही आहे. तरी हा लेख एका डीजेबद्दल आहे, हाडामांसाच्या. आणि त्याहून जास्त, तो ज्या खोल्यांमध्ये घडला त्या खोल्यांबद्दल.

क्लिफर्ड जोसेफ प्राइस. जग त्याला गोल्डी म्हणतं. २०१६ च्या नववर्ष सन्मानयादीत ब्रिटनने त्याला एमबीई हा नागरी सन्मान दिला, संगीतातल्या आणि तरुणांसाठीच्या कामाबद्दल. त्याच्या बावीस वर्षं आधी, १९९४ साली, याच देशाच्या संसदेने एक फौजदारी कायदा मंजूर केला होता. रात्री उघड्यावर जमून नाचणाऱ्या लोकांना हटवण्याचे अधिकार त्यातल्या ६३व्या कलमाने पोलिसांना दिले, सामान जप्त करण्याचे ६४व्या कलमाने. 'संगीत' म्हणजे काय याचा खुलासाही ६३व्या कलमात आहे. एकापाठोपाठ तेच ते ठोके हे ज्यांचं पूर्णपणे किंवा मुख्यत्वे लक्षण आहे, असे आवाजसुद्धा त्यात धरावेत, असा त्याचा आशय. तालाची व्याख्या कायद्यात शिरली ती अशी, पोलिसी अधिकारांच्या कलमातून. ज्या रेव्ह मेळाव्यांना, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या जमावांना, डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं गेलं, त्यांच्याच पोटी ड्रम अँड बास, म्हणजे वेगवान तुटक ड्रम आणि जड बासचं संगीत, जन्मलं होतं.

माणसाला पदक देणं सोपं असतं. तो जिथे घडला ती जागा टिकवणं हे सार्वजनिक काम आहे, ग्रंथालय किंवा नाट्यगृह चालवण्याइतकंच. ब्रिटनने ते बरीच वर्षं टाळलं. आपण तर ते काम आहे हेच अजून मान्य केलेलं नाही.

गोल्डीची गोष्ट एकट्या प्रतिभावंताची म्हणून सांगायला फार सोयीची आहे. १९६५ साली वॉलसॉलमध्ये जन्म, वडील जमैकाचे, आई स्कॉटिश. तीन वर्षांचा असताना आईने त्याला सरकारी देखभालीत दिलं आणि पुढचं सगळं बालपण पालक-कुटुंबांत आणि बालगृहांत गेलं. ऐंशीच्या दशकात वुल्व्हरहॅम्प्टनच्या हीथ टाउन वसाहतीत तो ब्रेकडान्स करायचा, भिंती रंगवायचा. १९८७ च्या एका माहितीपटात हा पोरगा दिसतो. मग अमेरिका, मायामीत सोन्याचे दात बनवण्याचा धंदा, पुन्हा लंडन. इथवर सगळं सिनेमाला शोभेलसं आहे. पण यात संगीत कुठे आहे? पंचविशीपर्यंत या माणसाने एकही ध्वनिमुद्रण केलेलं नव्हतं.

संगीत आलं दोन मैत्रिणींमुळे. केमी ओलुसान्या, म्हणजे डीजे केमिस्ट्री, आणि जेन कनीली, म्हणजे डीजे स्टॉर्म. या दोघींनी त्याला 'रेज'ला नेलं. चेरिंग क्रॉस स्टेशनच्या कमानींखाली हेव्हन नावाचा क्लब आहे, तिथे दर गुरुवारी ही रात्र भरायची आणि फॅबिओ आणि ग्रूव्हरायडर रेकॉर्डी लावायचे. हे दोघं ब्रेकबीटच्या, म्हणजे जुन्या गाण्यांतल्या ड्रमच्या तुकड्यांवर रचलेल्या रेकॉर्डी मुद्दाम वेग वाढवून लावत. ज्याला पुढे जंगल आणि मग ड्रम अँड बास म्हणू लागले, त्या संगीताचा बराचसा गर्भसंस्कार तिथे झाला. गोल्डी तिथून बाहेर पडला तो एकच ध्यास घेऊन, की या दोघांनी लावावी अशी रेकॉर्ड आपण करायची.

त्याला यंत्रं चालवता येत नव्हती. लंडनच्या डॉलिस हिलमधल्या रीइन्फोर्स्ड रेकॉर्ड्स या कंपनीत फोरहीरो या गटाचे डीगो आणि मार्क मॅक होते. गोल्डी तिथे जाऊन बसू लागला, त्यांच्यासाठी चित्रं काढू लागला आणि हळूहळू आवाज सांगू लागला. सांगू लागला हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. डोक्यात ऐकू येणारा आवाज तो तोंडाने, हातवाऱ्यांनी, कागदावरच्या रेघांनी सांगायचा आणि यंत्राशी बसलेला माणूस तो बाहेर काढायचा. १९९२ चं 'टर्मिनेटर' असंच झालं. त्यात ड्रमचा सूर चढत जातो, पण लय तसूभरही हलत नाही. टेपवर हे अशक्य, कारण टेप जोरात फिरवली की सूर आणि वेग दोन्ही एकत्र वाढतात. इव्हेंटाइड कंपनीच्या हार्मनायझर यंत्राने ही गाठ सोडवता येत होती. यंत्र सगळ्यांसाठी होतं, त्यातून असा थरार काढता येईल हे याला ऐकू आलं.

मी लहानपणी आठ वर्षं तबला शिकलो. आमचे गुरुजी एकच बोल आधी ठायीत, म्हणजे संथ मूळ लयीत, मग दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, मग चौगुनीत म्हणून घ्यायचे आणि टाळी मात्र ठायीतलीच ठेवायला लावायचे. ड्रम अँड बास समजायला मला तेवढीच शिदोरी पुरली. ड्रम मिनिटाला १७० ठोक्यांच्या आसपास धावतात आणि खाली बास ८५ ने चालतो. वर दुगुन, खाली ठाय, दोन्ही एकाच वेळी. नाचणाऱ्याने कुठली लय धरायची हे त्याचं त्याने ठरवायचं. 'टर्मिनेटर' पहिल्यांदा हेडफोनवर ऐकलं तेव्हा माझा हात आपोआप मांडीवर गेला. तिसऱ्या आवर्तनात सम हुकली. मी पुन्हा सुरुवातीपासून लावलं, आणि त्या रात्री ते कितीतरी वेळा लावलं. सूर चढतोय म्हणजे लय वाढणार, असं कानाने गृहीत धरलं होतं.

या सगळ्या तालांचं मूळ बहुतेक वेळा चार मात्राखंडांच्या, सहा-सात सेकंदांच्या एका तुकड्यात असतं. वॉशिंग्टनच्या 'द विन्स्टन्स' या बँडचा १९६९ चा 'आमेन, ब्रदर', ड्रमवर ग्रेगरी कोलमन. जंगलच्या निर्मात्यांनी तो सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रात, घेतला, एकेक ठोका सुटा केला आणि नव्याने गुंफला. कोलमन २००६ साली अटलांटामध्ये बेघर अवस्थेत वारला. त्या सहा सेकंदांबद्दल त्याला काहीही मिळालं नाही. २०१५ मध्ये लोकांनी वर्गणी काढून बँडप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे २४,००० पौंड दिले, तोवर कोलमनला जाऊन नऊ वर्षं झाली होती. ज्यांची मी बाजू घेतोय त्या लोकांकडून झालेला हा अन्याय आहे आणि तो झाकून पुढे जाणं मला जमणार नाही. आपापसात सगळं वाटून घेणारी मंडळी खोलीबाहेरच्या माणसाला विसरू शकतात.

तरी त्या वाटून घेण्याची रीत बघण्यासारखी होती. नवी धून झाली की ती टेपवर घेऊन उत्तर लंडनमध्ये म्युझिक हाउसला जायचं आणि डबप्लेट कापून घ्यायची. ही रीत जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांकडून आलेली. ॲल्युमिनियमची तबकडी, वर लॅकरचा थर. ती फिरत असताना तापलेली सुई तुमच्या डोळ्यांदेखत खाच कोरत जाते आणि लॅकरचा केसासारखा बारीक धागा शोषनळीत ओढला जातो. सहा मिनिटांची धून कापायला सहा मिनिटं, त्यात घाई चालत नाही. तोवर रांगेतले बाकीचे ऐकत उभे. कुणाच्या बासला काय वजन आहे, कुणी ड्रम कसे तोडलेत, हे तिथेच कळायचं, तिथेच एकमेकांच्या धुनांची देवाणघेवाण व्हायची. आणि ही तबकडी मऊ. काही डझन वेळा लावली की सुईने झिजते, वरचे स्वर खरखरू लागतात. म्हणजे शुक्रवारी कापलेली धून त्याच शनिवार-रविवारी लोकांसमोर वाजवून बघायची, माणसं कुठे थबकली, कुठे उसळली हे पाहायचं आणि सोमवारी स्टुडिओत जाऊन ती बदलायची. हे चक्र फिरायला दर आठवड्याला उघडणारी, त्याच लोकांनी भरणारी एक खोली लागते. ती नसेल तर धून घरी पडून राहते.

१९९४ मध्ये गोल्डी, केमिस्ट्री आणि स्टॉर्म यांनी मेटलहेड्झ ही कंपनी काढली. १९९५ मध्ये 'टाइमलेस' आला. त्यातलं शीर्षकगीत एकवीस मिनिटांचं. यंत्रांवर मूव्हिंग शॅडो या कंपनीचा रॉब प्लेफर्ड, गळा डायान शार्लमेनचा. अल्बम ब्रिटनच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत चढला. त्यातलं 'इनर सिटी लाइफ' ऐकताना मला दरवेळी वाटतं की ड्रम हे इथे शहर आहे आणि शार्लमेनचा आवाज त्या शहरातून एकटी चालत जाणारी बाई. २०१५ साली ती गेली, तेव्हा ज्यांच्या कानात तिचा आवाज वीस वर्षं होता त्यांतल्या अनेकांना तिचं नाव पहिल्यांदा कळलं असेल.

आणि १९९५ मध्येच ती खोली मिळाली. हॉक्स्टन स्क्वेअरमधला 'ब्लू नोट' क्लब. आज हॉक्स्टन म्हणजे महागडी घरं आणि कचेऱ्या. तेव्हा पूर्व लंडनचा तो भाग उजाड गोदामांचा होता, भाडं कमी होतं. रविवारची रात्र कुठल्याही क्लबमालकाला नकोशी, कारण सोमवारी लोक कामावर जातात. ती मेटलहेड्झला मिळाली. जागा लहान होती. तिथे नवी डबप्लेट पहिल्यांदा वाजायची आणि ऐकायला खुद्द तिचे प्रतिस्पर्धी उभे असायचे. रॉकगायक डेव्हिड बोवीही तिथे येऊन गेला. याच काळात गोल्डी स्वतः डीजे म्हणून उभा राहायला शिकला.

त्याच ब्लू नोटमध्ये सोमवारी 'अनोखा' भरायचं. तलविन सिंग या तबलावादकाने ते चालवलं. तो किशोरवयात पंजाबात जाऊन तबला शिकला होता आणि लंडनमध्ये तो याच तुटक ड्रमच्या शेजारी तबला ठेवत होता. 'अनोखा'चं संकलन १९९७ मध्ये आलं, त्याच्या 'ओके'ला १९९९ चं मर्क्युरी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ब्रिटिश पारितोषिक मिळालं. ड्रम अँड बासलाच ते दोन वर्षांपूर्वी, १९९७ मध्ये, ब्रिस्टलच्या रोनी साइझने मिळवून दिलं होतं. पुढे 'तबला बीट सायन्स' नावाच्या मेळात तलविन, मुंबईचे उस्ताद झाकीर हुसेन आणि कर्ष काळे एकत्र वाजवताना दिसतात. माझ्या गुरुजींच्या ठाय-दुगुनीचा आणि वॉलसॉलच्या अनाथवत पोराचा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. तो एकाच छपराखाली, रविवारची रात्र आणि सोमवारची रात्र एवढ्या अंतरावर, खरोखरच जुळला होता.

मग परवान्यांच्या अडचणी आल्या आणि ब्लू नोट त्या चौकातून हलला. नव्वदचं दशक संपायच्या आत ते पर्व आटोपलं. जागा हरवल्याचा परिणाम मोजता येत नाही, पण गोल्डीच्या १९९८ च्या अल्बमकडे बघा. त्यात 'मदर' नावाची एक तासाची रचना आहे. माझ्या मते त्यात मनाला भिडणाऱ्या जागा आहेत, पण समोर उभं राहून 'हे लांबलंय' असं सांगणारी माणसं तिच्या वाटेत आली नसावीत, असं ऐकताना जाणवतं. समीक्षकांनी तो अल्बम झोडपला. पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल १९९९ ला, कार्यक्रम आटोपून परतताना केमिस्ट्री गेली. पुढच्या व्हॅनच्या चाकाने रस्त्यातला परावर्तक उखडला आणि तो काच फोडून आत आला. ती ३५ वर्षांची होती. गोल्डी पुढे नट झाला, ब्रिटिश टीव्हीवरच्या ऑर्केस्ट्रा-संचालनाच्या स्पर्धेत दुसरा आला, २००९ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स या संगीतमहोत्सवात त्याची वाद्यवृंदरचना वाजली. स्टॉर्म आजही वाजवते. एमबीईच्या बातमीत एकाच माणसाचं नाव होतं.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. मे १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या कॅसलमॉर्टनच्या माळावर एका रेव्हला वीस हजारांहून जास्त माणसं जमली आणि जवळजवळ आठवडाभर आवाज थांबला नाही. तिथल्या गावकऱ्यांचं रडणं खरं होतं. क्लबांत अमली पदार्थ येत होते, तरुण मुलं त्यात मेली, हेही खरं. पण यावर उपाय काय निवडले गेले ते पाहा. लंडनच्या पोलिसांनी २००५ मध्ये 'फॉर्म ६९६' आणला. आयोजकाने कार्यक्रमाआधी तो भरायचा, कलाकारांची खरी नावं-पत्ते द्यायचे, आणि सुरुवातीच्या नमुन्यात संगीत कुठल्या प्रकारचं, येणारे प्रेक्षक कुठल्या वंशाचे, हेही विचारलं होतं. हा फॉर्म रद्द व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. बासवर नाचणारे म्हणजे संशयित, असं त्या रकान्यांनी ठरवूनच टाकलं होतं. २००७ ते २०१५ या काळात लंडनमधली लहान संगीतगृहं एक-तृतीयांशाहून जास्त घटली. त्याला पोलिसांपेक्षा जास्त कारण जागेचे भाव आणि नव्याने राहायला आलेल्यांच्या तक्रारी. कलाकारांमुळे वस्ती नावारूपाला येते, भाव चढतात, वर फ्लॅट बांधले जातात आणि फ्लॅटमध्ये आलेला माणूस पहिली तक्रार खालच्या ढोलाची करतो.

ब्रिटनला उशिरा का होईना, एक चांगली गोष्ट सुचली. २०१८ च्या नियोजन धोरणात असं आलं की जो नवा येतो, ध्वनिरोधाचा खर्च त्याचा. जुन्या संगीतगृहाशेजारी इमारत बांधायची असेल तर भिंती-खिडक्या बिल्डरने जाड कराव्यात. २०२१ मध्ये जर्मन संसदेने क्लबांना संग्रहालयं आणि ऑपेरांच्या पंगतीला बसवावं असा ठराव केला. मोठ्या मैदानांतल्या कार्यक्रमांच्या तिकिटामागे काही रक्कम लहान जागांसाठी काढावी, अशी शिफारस २०२४ मध्ये ब्रिटिश संसदीय समितीने केली. मला हे तिन्ही पटतात, आणि तिसरं सगळ्यात जास्त. मैदान भरवणारा कलाकार आधी कुठल्यातरी तळघरात शिकलेला असतो, त्याचं देणं तिकिटातून वळतं व्हावं यात भीक नाही, परतफेड आहे.

आपल्याकडे हा प्रश्न नेहमी रस्त्यावरच्या आवाजात बुडून जातो. दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक नको, हा २००० सालच्या नियमांतला दंडक मला मान्य आहे, तो पाळला जात नाही याचंच दुःख आहे. पण रस्ता आणि खोली यांत फरक करायला आपण शिकलेलो नाही. आवाज म्हणजे उपद्रव, एवढंच सूत्र. त्यामुळे मिरवणुकीतली भिंत राजकीय पाठबळाने वाजत राहते आणि बंद दाराआड, ध्वनिरोध करून, शंभर माणसांसमोर नवं काही आजमावणारी जागा मात्र परवान्यांखाली आणि भाड्याखाली दबते. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ साली सुरू झालेला 'ब्लू फ्रॉग' हा संगीतक्लब २०१६ मध्ये तिथून उठला. मुंबईत स्वतःच्या रचना वाजवणाऱ्या किती मुलांनी तिथे पहिल्यांदा नीट ध्वनियंत्रणेवर आपलं काम ऐकलं असेल. महापालिका नाट्यगृहं बांधतात, हजार खुर्च्यांची. शंभर माणसं उभी राहतील अशी, रात्री अकरापर्यंत चालेल अशी, दारू विकल्याशिवाय भाडं निघेल अशी एक खोली प्रत्येक नाट्यगृहाच्या तळमजल्यावर का असू नये? आणि जुन्या वाड्याच्या, चाळीच्या जागी नवी इमारत उभी राहताना तिथे वर्षानुवर्षं चालत आलेली गाण्याबजावण्याची तालीम नव्या नकाशात दाखवण्याची सक्ती का नसावी?

आमच्या गुरुजींची शिकवणी एका वाड्यातल्या दोन खोल्यांत चालायची. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथे बैठक असायची, कुणीही यावं, वाजवावं, ऐकून घ्यावं. नवा कायदा, म्हणजे तबल्यातली रचना, तिथे पहिल्यांदा वाजायचा आणि वाकलेली मान किंवा नुसतं 'हं' यावरून कळायचं काय ते. गुरुजी गेले, वाडा पाडला गेला. नव्या इमारतीत जिम आहे, क्लबहाउस आहे. त्या क्लबहाउसमध्ये बैठकीसाठी महिन्यातून एक संध्याकाळ मागितली, तर आवाजाचं कारण देऊन नकार आला. आता गुरुजींचे तीन शिष्य आपापल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये शिकवतात. खाली सतरंजी, तिच्याखाली जुनी गादी. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाकडे गेलो होतो. दहा-बारा वर्षांची चार मुलं तीनतालातला कायदा घोटत होती, ठायीतून दुगुनीत जात होती. नऊ वाजले तशी त्यातली सगळ्यात लहान मुलगी न सांगता उठली, कपाटातून चार टॉवेल काढून आणले आणि चौघांनी आपापल्या डग्ग्यांवर ते पसरले.